उघाडी

इम्तियाजने पावसहून पाठवलेला ब्राऊझर
आज पुन्हा बसला.
सोसायटीच्या डिझेलचा अर्ज भरत होते,
बोटीचा नंबर झाला होता,
तांडेलाचं नाव 'सुले' पर्यंत आलं होतं,
आणि पडदा पांढरा झाला
उन्हात राहिलेल्या सरंग्याच्या डोळ्यासारखा.

त्याने त्यातलं बरंच काढून टाकलंय.
माग काढणारं, जाहिराती चिकटवणारं,
मी कुठे बसलेय ते कुणाला तरी जाऊन सांगणारं.
काढताना, जे धरून ठेवणारं होतं
तेही थोडं निघालं असावं.
होडीच्या बुडाची कालवं खरवडता खरवडता
फळी पातळ व्हावी, तसं.

फोन केला. म्हणाला, वहिनी, नवी आवृत्ती येतेय,
आठ दिवस थांबा.
मी म्हटलं, बोटी थांबतील आठ दिवस?
तो हसला, मग गप्प झाला.
एकटाच करतो सगळं. दिवसा स्क्रीनगार्ड चिकटवतो,
रात्री एक वाजता चुका शोधत बसतो
ज्याचे पैसे कुणी देत नाही.
राग धरायचा तरी कुणावर?

मग मी तो दुसरा उघडते,
कंपनीचा, मोठा, कधीच न पडणारा.
उघडल्या उघडल्या तो विचारतो:
नाट्याजवळ सोनं तारण ठेवायचंय का?
काल मी बांगड्यांचा भाव बघितला होता.
एकदाच. घरात कुणाला न सांगता.

संध्याकाळी पेपरात आलंय,
निरोपांच्या कुलपाला दुसरी किल्ली करायचा कायदा होतोय.
किल्ली सरकारकडे जपून राहील,
जबाबदार माणसांच्या हाती जपून राहील.
'जपून' दोनदा आलंय.
चेअरमन पेपराची घडी घालत म्हणाले,
आपल्याला काय त्याचं?
लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे?

आहे.

हरेश मस्कतच्या पुढे कुठेतरी टगबोटीवर आहे.
अठरा वर्षं पाण्यावर काढली. गावात अजून सांगतात,
फयानच्या रात्री याने एकट्याने जाळी ओढली.
तो मला पहाटे तीनला लिहितो:
आताशा पाण्याची भीती वाटते गं.
डेकच्या कडेला जात नाही.
कुणाला कळू देत नाही.
एवढंच लिहितो, आणि पुसतो.
यात देशाला धोका नेमका कुठे आहे
ते मला कुणी दाखवावं.

धाकू आडिवरेकर खाडीचा बांध राखतो.
त्याच्या बापानेही राखला.
त्याला मी कायदा समजावून सांगितला,
चहा निवेपर्यंत.
तो म्हणाला, उघाडी बघितलीस ना आमची?
झाप बाहेरच्या अंगाला उघडतो.
ओहोटीला शेतातलं पाणी जातं,
भरती आली की आपसूक मिटतो.
किल्ली नाही त्याला.
भरतीत मी गेलो तरी मला उघडायचा नाही.
म्हणून भात होतं.

मग उठला, मला बांधावर घेऊन गेला,
पायाने गवत बाजूला केलं.
खेकड्याचं भोक. रुपयाएवढं.
"हा पण चांगलाच असेल खेकडा," म्हणाला,
"पण पाणी काय त्याला विचारून येतं?"
आणि चिखलाचा गोळा घेऊन वाकला.

रात्री पुन्हा इम्तियाजचाच लावला.
एक ओळ, की सेव्ह. एक ओळ, की सेव्ह.
'सुलेमान' पूर्ण झालं.
'मजगावकर'ला पडला.
शिवी दिली, परत उघडला.
खिडकीतून धाकूची बॅटरी दिसत होती,
बांधावरून हळूहळू, थांबत थांबत चाललेली.
बाजूला फोनवर, हरेशच्या नावाखाली
'टाइप करत आहे'
येत होतं,
जात होतं.