कूलरचा सा

मे महिन्याचे पंधरा दिवस,
सकाळी अकरा ते दुपारी दोन.
ही वेळ ज्यानं ठरवली
तो सोलापूरचा नसावा.

केगावच्या माळावर बस सोडून देते
तेव्हा डांबर चपलेला धरून ठेवतं,
जा म्हणत नाही.
संगीत विभागात मी तासिका तत्त्वावर:
सही आज, पैसे दिवाळीला.

शिबिराच्या फॉर्मवर एक रकाना होता,
'का यावंसं वाटलं?'
एकवीस जणांनी लिहिलं, आवड.
लक्ष्मीपती बोद्दूलनं लिहिलं, कूलर.

नऊ वर्षांचा. घरात चार माग,
त्यामुळं गुपितसुद्धा ओरडून सांगायचा.
कूलरच्या तोंडाशीच बैठक,
आणि पात्यांमध्ये आ आ आ सोडायचा,
आवाजाचे तुकडे होतात ते बघायला.
दोनदा मी हाताला धरून उठवलं.
तिसऱ्यांदा उठवायला गेले आणि थांबले.
पोरगं कूलरच्या सुरात होतं.

वृंदावनी सारंग घेतला होता.
दुपारचा राग. गंधार नाही, धैवत नाही,
नळाच्या पाचव्या दिवशी
दोन घागरी रिकाम्या असाव्यात तसा.
निषाद मात्र दोन,
चढताना शुद्ध, उतरताना कोमल.
कुणाच्या डोक्यात शिरेना.
लक्ष्मीपती म्हणाला, सोपं हाय की ओ बाई,
शाळेला जाताना मराठी,
घरला येताना तेलुगू.

पुढच्या वर्गालाही मी तसंच शिकवलं.
त्याचं नाव सांगितलं नाही, हे खरं.

बाराव्या दिवशी एक वाजता त्याचा हात वर.
बाई, कूलर उतरलाय.
म्हटलं, पाणी संपलं असेल, बघ.
पाणी हाय ओ. सा उतरलाय.
तानपुऱ्याचा विजेवरचा डबा त्या दिवशी शेजारच्या वर्गात,
आणि व्होल्टेज पडलेलं.
पातं हळूहळू मंदावलं होतं
आणि एकवीस गळे त्याच्यामागं गुमान उतरले होते.
बाविसावा माझा,
वीस वर्षांच्या रियाजाचा.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी सभा.
आधी चाळीस मिनिटं भाषणं,
मग पुष्पगुच्छ, मग ज्याचा राहिला होता त्याला पुष्पगुच्छ.
वेदश्री कोनापुरेनं आलाप उचलला,
मध्यमावरून रिषभावर येत होती
आणि लाईट गेली.
पंखे गेले, माईक गेला, डबा गेला.
अंधारात पोरीचा रिषभ
पाय ठेवायला पायरी शोधत राहिला.

तेवढ्यात डावीकडून सा आला.
कूलरचा नव्हे, आमचा.
जाड, थोडा नाकातला,
चार मागांना ऐकू जाईल एवढा.
वेदश्री त्याच्यावर उतरली.
इरफाननं अंदाजानं तबल्यावर हात ठेवला.
मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं,
इन्व्हर्टर हाय वाटतं.

अकरा मिनिटं.
श्वास कुठं घेत होता, मला अजून कळलेलं नाही.

लाईट आली तेव्हा टाळ्या लाईटला की पोरीला
सांगता येणार नाही.
लक्ष्मीपतीला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं,
आडनावात द एकच.

त्याचे वडील राजमोगली थेट पाळीवरून आलेले,
कानाच्या पाळीवर कापसाची लव.
बाई, आमच्या पोराचं गाणं कदी झालं?
म्हटलं, अंधारात.
ते थोडा वेळ गप्प राहिले,
मग पोराला तेलुगूत काहीतरी मोठ्यानं म्हणाले.
दोघंही हसले.
अर्थ मी विचारला नाही.

सोमवारी तक्ता भरला.
तास पंचेचाळीस. विशेष नोंद:
एक ओळ लिहिली,
ती कारकुनाला कळणार नाही म्हणून खोडली.
कूलरचं उरलेलं पाणी मागच्या लिंबाला घातलं,
इथं पाणी ओतून देत नाहीत.
जाता जाता बटण दाबून बघितलं.

उतरलेला होता.
आता मला ऐकू येतं.