सातवी मुलाखत

नोकरी आहे मला.
अशोक चौकातल्या पतसंस्थेत, खिडकी नंबर दोन,
पिग्मीचे पैसे मोजते, संध्याकाळी रोकड जुळवते.
तरी दोन महिन्यांतून एकदा
पोट दुखतंय म्हणून अर्धा दिवस मागते
आणि कुठेतरी मुलाखत देऊन येते.
घ्यायची नसते ती नोकरी.
पुण्याची एखादी खरी येईल कधीतरी,
तोवर घसा साफ ठेवायचा, एवढंच.

पहिलीला तळहात असे घामेजले
की मार्कशीटवर बोटं उमटली.
दुसरीत म्हणाले, स्वतःबद्दल सांगा,
आणि मी आईबद्दलच सांगत बसले,
ती दिवसाला आठशे विड्या वळते,
चेकर त्यातल्या मूठभर छाट म्हणून बाजूला टाकतो,
ती काही बोलत नाही, पदर खोचते.
तिसरीत आई गाळली.
चौथीपासून पाय हलायचे थांबले.
आता ताळेबंद, तरलता, थकीत कर्ज,
विचारा, झोपेतून उठवून विचारा.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता,
याची तीन उत्तरं आहेत माझ्याकडे.
एकही खरं नाही. तिन्ही इस्त्री केलेली.

सातवी सात रस्त्यालाच निघाली,
सोनेतारण कर्जाची कंपनी, दुसरा मजला.
एप्रिल. जिन्याचा कठडा चटका देत होता.
बाकड्यावर आम्ही दोघंच.
मल्लेशम बिटला, वय त्रेचाळीस,
टॉवेलच्या कारखान्यात अकरा वर्षं हिशेब लिहिलेले,
दिवाळीनंतर माग भंगारात गेले, किलोवर.
कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत.
तेलुगूत हळूच विचारलं त्यांनी,
अम्मा, वर्किंग कॅपिटल म्हणजे नेमकं काय सांगायचं?

म्हटलं, सूत रोखीनं येतं,
टॉवेल उधारीवर जातो,
मधल्या दिवसांची मजुरी कुठून देतो मालक?
ते हसले. "मालकिणीच्या पाटल्या."
तेच सांगा, म्हटलं, फक्त पाटल्या म्हणू नका.
मग समोरची पाटी वाचली.
किंवा म्हणा. इथे चालेल.

त्यांना आधी बोलावलं. सहा मिनिटं.
बाहेर आले ते पिशवीची घडी घालत.
"नाही विचारलं ते.
वय विचारलं. एक्सेल येतं का विचारलं."

मग मी.
दारातच ठरवलं होतं, आज चुकायचं,
एक तरी उत्तर हातातून पडू द्यायचं.
पण माग बंद पडले तरी
त्या घरातली माणसं वर्षभर
मोठ्यानंच बोलत राहतात ना,
तशी मी
बरोबरच बोलत गेले.

गुरुवारी फोन. अठरा हजार, सोमवारपासून या.
पाचशेचं बंडल हातात होतं, मोजणी चुकली.
नको म्हटलं.
मग म्हटलं, ते दुसरे होते ना बाकड्यावर, त्यांना घ्या.
कोण? पलीकडे कागदांची सळसळ.
मॅडम, आम्ही परत जाहिरात देऊ.

आईनं विचारलं रात्री, पानं कापता कापता,
कशी झाली गं?
चांगली झाली, म्हटलं.
तिला वाटलं असेल, पुन्हा नापास.
दुधातली साय माझ्या वाटीत आली.

परवा ते खिडकीवर आले. पिग्मी खातं बंद करायचं होतं.
माझ्याकडे पाहिलं. काचेवरच्या आकड्याकडे पाहिलं.
माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे जरा जास्त वेळ.
मी फॉर्म सरकवला, सही कुठे ते दाखवलं.
तीन हजार चारशे साठ.
त्यांनी थुंकी लावून दोनदा मोजले,
वरच्या खिशात ठेवले, खिसा चाचपला.
"ही मधल्या दिवसांची मजुरी. नाही का अम्मा?"

हो, म्हटलं.
बरोबर होतं उत्तर.

पॅडची शाई वाळली होती,
शिक्का दोनदा मारावा लागला.