पडद्याच्या उलट्या बाजूला

म्हसवडच्या यात्रेत तंबू लागायचा
माणगंगेच्या पात्रात. पाणी नव्हतंच.
वाळूत खुंट्या धरत नाहीत म्हणून
तणाव्यांना पोती बांधायचे, वाळूनेच भरलेली.

पुरुष पडद्यापुढे, बाया पडद्यामागे.
मधलं कापड आधी भिजवून घ्यायचे
चित्र आरपार यावं म्हणून.
त्या वर्षी नदीत तेवढंच ओलं होतं.

सिनेमा इंग्रजी. पाणबुडीचा.
तंबूवाल्याचा भाचा गजाबा भोंग्यातून सांगत होता,
"तर मंडळी, ही लोखंडाची मगर.
हिच्या पोटात चौदा माणसं आन् एक बाजाची पेटी.
वर समुद्र. समुद्र म्हंजे कसा,
राजेवाडीचा तलाव भरलाय
आन् त्याला पलीकडचा काठच न्हाई."
अगं बाई, म्हणाल्या आमच्याकडच्या.
मग कोंडाबाईनं विचारलं,
मग ह्यांच्या बाया धुणं कुठं धुत्यात?

प्रिंट इतकी जुनी की सगळे रंग उडालेले,
गुलाबी तेवढा मागे राहिलेला.
गुलाबी पाणी, गुलाबी मासे,
काचेवर गुलाबी सोंड घासत आलेलं ते काहीतरी.
रथावर उधळलेला गुलाल वाहत वाहत
खाली समुद्राला मिळतो
असं मी चांगली दहावीपर्यंत धरून होते.

आणि आमच्या बाजूने कप्तान डावखुरा.
डाव्या हाताने चाक फिरवायचा,
डाव्या हाताने नकाशावर रेघ,
डाव्याच हाताने घास,
आणि कुणी त्याच्या बोटांवर पळी मारत नव्हतं.
मी आठ वर्षांची. माझा डावा हात
आई पदराच्या टोकाला बांधून ठेवायची.
अंधारात मी गाठ सोडवली
आणि पाणबुडी अख्खी त्या हाताने चालवली.

पुढे हवा संपत आली.
दिवे बारीक झाले. खलाशी भिंतीला टेकले.
तेवढ्यात पलीकडून माझ्या बापाचा आवाज.

विहिरी खोदायचा तो.
सुरुंग उडाल्यावर आधी कंदील सोडायचा दोरीनं,
ज्योत राहिली तर माणूस, नाहीतर नाही.
नरवण्यात चुलता म्हाकू घाईत तसाच उतरला होता.
"कंदील सोडा की!" बाप ओरडला,
"जळतोय का बघा, मग हाला!"
उठला तो नेमका झोतात.
पाणबुडीत त्याची सावली उभी राहिली,
पंधरावा माणूस,
मुंडाशासकट,
आणि वर केलेला हात आमच्याकडून डावा.
पुरुष हसले नाहीत. निम्मे त्याच कामाचे.

शेवटचं रीळ आलंच नव्हतं.
दहिवडीच्या एस्टीत राहिलं, लतीफ ऑपरेटर म्हणाला.
पडदा पांढरा, त्यावर किडे.
गजाबानं भोंग्यात घसा साफ केला,
"तर मंडळी, वर आली."
कशी आली?
"आली म्हंजे आली.
सिद्धनाथाच्या नावानं—"
चांगभलं, म्हटलं दोन्हीकडून.

वाळूतून घरी जाताना बाप गप्प.
गाव आल्यावर म्हणाला, न्हाई आली.
दिवं बघितलंस का कसं झालं हुतं?

आता पोराने फोनवर शोधून दिलाय.
धुऊन पुसून नवा केलेला.
समुद्र निळा, जरा जास्तच निळा.
कप्तान चारचौघांसारखा उजवा.
मी फोन उलटा करून बघितला,
मागे नुसतं काळं कव्हर, त्याला तेलाचे डाग.

अकरा मिनिटं राहिलीत.
बघ की आई, पोरगा म्हणतो, वर येते शेवटी.
तुला काय माहीत, म्हटलं.
दिवे बघ.