साठ गाड्या

सहा मीटर लांब, साडेचार मीटर रुंद.
अंगणवाडीच्या खोलीला आणखी काय लागतं?
फक्कीचं घमेलं घेऊन मी वाकले,
डिप्लोमाचं शेवटचं वर्ष,
हेल्मेटला अजून दुकानाचा वास.
खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या,
पांढऱ्या चार रेषा मारून
दूर जाऊन पाहिलं. चौकोनच होता.

उरकुडाजी मिस्त्री बांधावर बसून
पन्नीतला खर्रा तळहातावर घोटत होते.
"दोन्ही कर्ण मोजले काय, बाई?"

नव्हते मोजले.
एक साडेसातला चार सेंटिमीटर कमी,
दुसरा चार जास्त.
"पुसून टाका. आज चपलेनं पुसते,
महिन्याभरानं घण लागते."
मी पुसलं. ते पलीकडे बघत थुंकले,
म्हणजे मला बघायचं नाही म्हणून.

काळी जमीन. परीक्षेत दोन गुणांची:
पाण्याने फुगते, उन्हाने आकसते.
इथे एप्रिलच्या भेगेत
माझा हात कोपरापर्यंत गेला
आणि आत गार होतं.
मिस्त्री म्हणाले, हिच्यावर खोली बांधणं म्हणजे
झोपल्या म्हशीच्या पाठीवर बाज टाकणं.
कवा उठंल, नेम नाही.

म्हणून खाली. आणखी खाली.
पहार पडत राहिली, थप्प, थप्प,
गुळात सुरी जावी तशी,
आणि तिसऱ्या दिवशी दुपारी
माणसाच्या डोक्याइतक्या खोलीवर
खण्ण.
सगळे थांबले. खड्ड्यातून आवाज आला,
"मुरूम!"
जसं कोणी घरी आल्याचं सांगावं.

पंचफुलाबाई नळीचं एक टोक धरायची, मी दुसरं.
मधे भिंत उभी व्हायची जागा,
तिकडे ती मला दिसायची नाही,
फक्त माझ्या टोकातलं पाणी हलायचं
आणि कळायचं, तिनं पदर सावरला.
"बुडबुडा हाये तुमच्यात," ती ओरडायची.
मी नळी झटकायचे.
शाळा तिसरीपर्यंत. पण पातळी तिची ऐकायची.

स्लॅब पडला त्या रात्री ठेकेदाराचा फोन,
"तीन दिवस पाणी मारा, बस झालं.
विहीर तळाला गेली आहे."
मी वहीत बघून म्हटलं, दहा.
वहीत विहीर कुठे आहे ते नव्हतं.
पंचफुलाबाईला माहीत होतं.
चुंबळ, हंडा, शिडीचे अकरा दांडे,
भिजलेली बारदानं, परत शिडी.
दहा दिवस. चौथ्या दिवशी मीही एक हंडा उचलला,
अर्धा स्लॅबवर गेला, अर्धा माझ्यावर.

आणि तीन ठोकळे.
अख्ख्या इमारतीत एवढेच,
जे फुटायसाठी घडवलेले.
अठ्ठावीस दिवसांनी गोणपाटात गुंडाळून
यवतमाळच्या एसटीत घातले.
"काय आहे?" कंडक्टर.
"काँक्रीट."
"माहेरून आणलं?"
मागच्या सीटवर एक म्हातारा हसला,
मग दारव्ह्यापर्यंत त्यानंच पायांनी ते धरून ठेवले,
वळणावर घसरू नयेत म्हणून.

प्रयोगशाळेत यंत्राचा काटा चढत गेला.
मी श्वास धरला नव्हता,
पण आठवत नाही, सोडल्याचंही.
मग एक कोरडा आवाज. तीनदा.

परतले तेव्हा पंचफुलाबाई उरलेली रेती चाळत होती.
"फुटले," मी सांगितलं.
तिची चाळणी थांबली.
"फुटले? एवढं पाणी घालून?"
"फोडायचेच असतात. साठ टनाला फुटले."
"टन म्हंजे?"
मी हिशोब केला. बैलगाडीत कापूस
साधारण दहा क्विंटल.
"साठ गाड्या. एकेका ठोकळ्यावर,
एकावर एक. भरलेल्या."

तिनं वर पाहिलं,
जिथं गाड्या असत्या तिथं.
मग हात आपोआप डोक्यावर गेला,
चुंबळीनं केस झिजलेत त्या जागी.
"आन् मंग फुटला?"
"मंग फुटला."
"लय टिकला बाप्पा," ती म्हणाली
आणि चाळणी पुन्हा हलू लागली.