शून्य ते दहा

हडर्सफील्डच्या या हॉस्पिटलात माझं काम रक्त काढायचं.
सकाळी सातला ट्रॉली ढकलत निघते,
शीर सापडेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा,
मग कापूस, पट्टी, थँक्यू लव्ह.
दुभाषी म्हणून मला कोणी नेमलेलं नाही.

पण त्या मंगळवारी वॉर्ड अकरातून फोन :
"तू इंडियाचीच ना? जरा वर ये."
गेले. अख्खा इंडिया मी एकटी,
ट्रॉलीसकट.

खिडकीपाशी अनसूयाबाई गवारे, मुक्काम मेहकर,
सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या
आणि स्वतःच आडव्या झालेल्या.
छातीचे दोन्ही आलेख सरळसाधे.
मांडीवर तो कागद : हसऱ्यापासून रडव्यापर्यंत
सहा चेहरे, शून्य ते दहा.
"विचार त्यांना, किती दुखतंय?"

दुखत नाही वो माय, बाई म्हणाल्या,
भगभगून राह्यलं.
राती कळ होती, ठणका नव्हता.
कळ येते अन् जाते,
ठणका बसून राह्यते
उधारी मागाले आलेल्या वाण्यावानी.
आता पाठीतून चमक, कातडीले मुंग्या,
अन् जिवाले नुसतं कसंतरी.

डॉक्टर पेन उघडं धरून उभा.
"नंबर?"

कसंतरीचे किती धरायचे?
मी सात म्हणाले,
आणि म्हणता म्हणताच जाणवलं,
मापात पाप झालं.

ग्लेनिस सिस्टर पडदा सारता सारता थांबली.
"एवढं बोलल्या त्या, आणि सात?
सात राहू दे. त्या काय म्हणाल्या ते सांग."

मग मी सांगत बसले, हातवारे करत :
निखाऱ्यावर राख धरते ना, वरून गार,
तसं. कातडीखाली.
डॉक्टरनं पेन मिटलं, पाठीवरचा गाऊन उचलला.
डाव्या बरगडीवर, अजून धड उगवलेलीही नाही,
पाण्याच्या फोडांची बारीक ओळ.
नागीण, मी म्हणाले.
त्यानं त्याचा शब्द लिहिला. प्राणी वेगळा, दंश तोच.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटरवरचं सक्तीचं प्रशिक्षण,
विविधता आणि समावेशन, चाळीस मिनिटं.
शंभरपैकी शंभर. प्रमाणपत्र आलं.
भगभग त्यात नव्हती.

त्याच दिवशी चार नंबरचे मिस्टर ॲकरॉइड
शीर शोधताना म्हणाले, "नॉबट मिडलिंग, लव्ह."
तीन वर्षं हे ऐकतेय,
तीन वर्षं मनात 'ठीक' समजून पुढे जातेय.
ग्लेनिस हातातलं टाकून धावली.
"अगं, हा माणूस पाय मोडला तेव्हा 'बरा आहे' म्हणाला होता!"
तर माझ्याही तराजूत
खोट होतीच.

आता वॉर्ड अकराच्या कागदावर आकड्याखाली एक ओळ आहे,
ग्लेनिसनं पट्टीनं आखलेली, पेशंटच्या शब्दांसाठी.
जोजी तिथं मल्याळम लिहितो, खाली अर्थ.
परवा कोणीतरी लिहिलं होतं :
'पोटात वळण चुकलेली बस.'
रविवारी माणसं कमी असली
की ती ओळ कोरीच राहते, हेही खरं.

अनसूयाबाई घरी निघाल्या तेव्हा
डॉक्टर मुद्दाम आला, ओठ जुळवत म्हणाला,
"बगबग?"
बाई हसल्या. भ, लेकरा, भ.
पोटातून काढ.

त्यानं कागद पुढे केला.
त्यांनी बोट ठेवलं दोन चेहऱ्यांच्या मधोमध,
जिथं काहीच छापलेलं नव्हतं.