अठ्ठ्याण्णव

कूलर बंद केला.
मे महिना, मानेवाडा रोड, रात्रीचे दीड,
भिंतीला हात लावला तर
नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी.
पण कूलर चालू असला
की तुझा श्वास ऐकू येत नाही.

फोन उशीवर ठेवलाय, तुझ्या डोक्याच्या जागी.
तू म्हणालास, "राहू दे चालू,
तुला तेवढंच बरं वाटत असेल तर,"
आणि चौदा हजार फुटांवर, पत्र्याच्या खोलीत,
दिवसभर दुर्बिणीच्या घुमटाच्या मोटारी खोलून
झोपलास.

आधी उथळ. मग खोल, आणखी खोल,
जिना चढणाऱ्या माणसासारखा.
मग उतरत उतरत
काहीच नाही.

एक. दोन. तीन.
मेडिकलच्या वॉर्डात एकतीस वर्षं हेच मोजलं,
छातीवर घड्याळ टाचून.
सात. आठ.
नेटवर्क गेलं की श्वास?
स्क्रीनवर सेकंद पळताहेत, म्हणजे फोन चालू आहे.
अकरा.
निश्चल हे नाव तुझ्या बाबांनी सुचवलं.
मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं.
बारा
आणि एकदम मोठा श्वास,
विहिरीतून भरली बादली वर यावी तसा,
सांडत, कठड्याला आपटत.

संध्याकाळी बोटाला चिमटा लावून
फोटो पाठवलास: एक्क्याऐंशी.
झोपेत आणखी उतरतं, ते मला सांगायला नको.
वॉर्डात एक्क्याऐंशी दिसलं असतं
तर सिलिंडर ढकलत पळाले असते,
चप्पल मागे राहिली तरी.
"आई, इथं सगळ्यांचंच एवढं असतं.
तू काहून घाबरून राहिली?"

घाबरून नाही राहिली. मोजून राहिली.

कपाटात कोरोनातला आपला चिमटा सापडला.
टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून घातले.
बोट आत सरकवलं.
अठ्ठ्याण्णव.
घामानं भिजलेली, बासष्टची, गुडघ्यांनी गेलेली बाई,
आणि अठ्ठ्याण्णव.
एवढं मला एकटीला काय करायचं?
चिवडा पाठवते तसं
डब्यात भरून, झाकणाला फडकं बांधून—

पुन्हा थांबलास.
या वेळी मोजत नाही,
मीही धरून ठेवते.
रिंग रोडवरून रिकामा ट्रक जातो, साखळ्या वाजवत.
कानात ठोके. बरगड्या आवळतात.

तू आधी घेतलास.
मी सोडला, चष्मा लावून बोटाकडे पाहिलं:
सत्त्याण्णव.
एवढं करून
फक्त एक.