पाटी

दर सहा वर्षांनी ही पाटी मी उतरवतो,
गंज खरवडतो, अस्तर देतो,
हिरव्यावर पांढऱ्याने पुन्हा लिहितो: हॅलो.
आधी बाबा लिहायचे.
त्यांची अक्षरं नदीच्या बाजूला कलायची.

नाव पडलं हाकेवरून.
इथे होता नुसता एक तराफा, एक दोर,
आणि ड्रुसिला पीक नावाची विधवा,
जिचा उजवा कान लहानपणीच्या तापात गेलेला.
पलीकडच्या काठावर यायचे डुकरांचे व्यापारी,
मिठाच्या गाड्या, एकदा तर कुणी पियानो घेऊन,
आणि तोंडाभोवती हात धरून ओरडायचे
हॅलूऽऽऽ
ती कणसं सोलत बसलेली,
बहिरा कान नेमका पाण्याकडे.
मग पुन्हा, लांबवून.
मग पुन्हा, शिव्यांसकट.
हॅलूला चाललोय, असं म्हणू लागले लोक,
म्हणजे जिथे घसा बसतो तिथे.

टपाल कचेरी हवी म्हणून अर्ज गेला वॉशिंग्टनला.
लिहिला लेम्युएल हॅस्केटने,
आणि त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
तिथल्या कारकुनाने चष्मा पुसला असेल, नसेल,
शिक्का आला तो 'हॅलो'चा,
अर्थ: पवित्र.
लोकांनी शिक्क्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं,
आणि मुकाट्याने चर्च बांधायला घेतलं.
ड्रुसिलाने फळ्या दिल्या, जुन्या तराफ्याच्या.
मागच्या बाकांखाली अजून ओल येते.

त्याच्याही आधीचं नाव?
जिल्ह्याच्या कचेरीत मोजणीदाराचा नकाशा आहे.
समासात बारीक शाईत:
"मूळ रहिवाशांचं नाव लांबलचक. गाळलं."
जागा मात्र सोडलीय त्याने, बोटभर.
ज्यांच्या तोंडी ते होतं
त्यांना बंदुका दाखवून पश्चिमेला नेलं,
बर्फात, असं म्हणतात.
मला ते उच्चारता आलं नसतं कदाचित.
रंगवता आलं असतं.

पूल झाला, हाका थांबल्या.
पुराने पाटी दोनदा नेली.
दुसरी सापडली साठ मैल खाली,
कुणाच्या खुराड्यावर छप्पर म्हणून.
मालक म्हणाला, राहू दे ना,
कोंबड्यांना सवय झालीय.
राहू दे म्हटलं.

फोनवर मात्र आमची पंचाईत.
हॅलो, हॅलोहून बोलतोय.
पलीकडचा म्हणतो, हॅलो?
हो, तेच.
हॅलो?
ड्रुसिला हसत असेल, डाव्या कानाने.

आता खालचा आकडा राहिलाय.
मागच्या खेपेला होते चारशे बारा.
बार्टली भावंडं एका हिवाळ्यात गेली,
ओक्सबाई मुलीकडे ॲरिझोनाला,
धान्याचं दुकान बंद, त्याच्याबरोबर सात जण.
आणि नेटी क्रॅबट्री काल रात्रीपासून
पुलापलीकडच्या इस्पितळात कळा सोसतेय.
नवरा म्हणतो, जुळं निघेल बहुतेक.

शेवटचा अंक खडूने लिहिलाय.
डबा उघडाच आहे,
रंगावर साय धरतेय.